घरचा पिझ्झा: यीस्ट कमी, वेळ जास्त आणि ओव्हन कडकडीत तापलेला

घरचा पिझ्झा बिघडला की बहुतेक लोक सगळं खापर यीस्टवर फोडतात. यीस्ट जुनं असेल, कमी पडलं असेल, मग पुढच्या वेळी डबल टाकायचं, आणि तो पिझ्झा आधीपेक्षा वातड होतो, वर यीस्टचा उग्र वास येतो तो वेगळाच. यीस्ट जिवंत असेल तर ते आपलं काम करतंच, घाई आपण करतो. पीठ पुरतं फुगू द्यायचं नाही, गोळे सैल पडायच्या आधीच ताणायला घ्यायचे, ओव्हन तापल्याचं दाखवणारा लाईट विझला की लगेच पिझ्झा आत ढकलायचा, बहुतेक पिझ्झे या तीन ठिकाणीच बिघडतात. म्हणून खाली जिथे जिथे वेळ लिहिलाय तो कमी करू नका, टॉपिंगमधे हवा तो गोंधळ घाला.

आधी मापं

दहा-अकरा इंचाचे दोन पिझ्झे होतात हे प्रमाण: मैदा ३०० ग्रॅम, पाणी १८० ते १९० मिली, बारीक मीठ ७ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट २ ग्रॅम, तेल २ छोटे चमचे, साखर १ छोटा चमचा. शक्य असेल तर मैदा वजनकाट्यावर मोजा. कपाने मोजलेला मैदा कधी दाबून भरला जातो कधी सैल, आणि एका कपामागे २०-३० ग्रॅमचा फरक सहज पडतो, मग पाण्याचं गणित सगळं चुकतं आणि आपण म्हणतो रेसिपीच फालतू होती. यीस्ट २ ग्रॅम म्हणजे छोट्या चमच्याचा साधारण दोन तृतीयांश भाग, आणि ७ ग्रॅम मीठ म्हणजे एक छोटा चमचा किंचित वर शीग येईल असा.

पाण्याची टक्केवारी मैद्याच्या वजनावर काढतात. ३०० ग्रॅम मैद्याला १८० मिली म्हणजे ६० टक्के, १९० म्हणजे ६३ टक्के. साध्या मैद्यात प्रोटीन कमी, म्हणजे १० टक्क्यांच्या आसपास असतं, त्याला ६० टक्के पुरतं. ब्रेडसाठीचा स्ट्राँग मैदा असेल, प्रोटीन १२-१३ टक्के, तर तो ६५ टक्के पाणी पण आरामात पितो. पाकिटाच्या मागे प्रोटीन लिहिलेलं असतं, तेवढं बघून घ्या. आणि इटालियन ‘डबल झिरो’ मैद्याबद्दल बराच गैरसमज आहे, तो आकडा दळण किती बारीक आणि शुद्ध आहे ते सांगतो, प्रोटीन किती ते नाही, त्यामुळे ते पाकीट मिळालं नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही.

गव्हाचं पीठ वापरायचं असेल तर सुरुवातीला एक तृतीयांशच घ्या आणि पाणी दोन-तीन चमचे वाढवा. कोंडा पाणी जास्त शोषतो, शिवाय ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रोटीनचे, धागे मधेच तोडतो, म्हणून पूर्ण गव्हाचा पिझ्झा नेहमी थोडा दडस होतो. चवीला चांगला लागतो, पण मैद्यासारखी जाळी त्यात शोधू नका.

तेल आणि साखर कशाला? इटलीतल्या नेपल्समधली जी पिझ्झा संघटना आहे, १९८४ साली स्थापन झालेली, तिच्या नियमात पिठात फक्त मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट, बाकी काही नाही. पण तिथल्या लाकडाच्या भट्टीत पिझ्झा ६० ते ९० सेकंदात बाहेर येतो. आपला घरातला ओव्हन २५० अंशांच्या पुढे जात नाही, पिझ्झा आत आठ-दहा मिनिटं बसतो, आणि तेवढ्या वेळात त्यातलं पाणी उडून तो कडक व्हायला लागतो. थोडं तेल असलं की पाव मऊ राहतो, थोडी साखर असली की कमी तापमानाला पण रंग येतो. म्हणून भट्टीवाल्यांची रेसिपी जशीच्या तशी घरी आणली तर पिझ्झा पांढरट आणि कडक होतो, यात तुमची काही चूक नसते.

यीस्ट कुठलं आणि किती

तीन प्रकार मिळतात. इन्स्टंट यीस्ट बारीक दाण्याचं असतं, थेट मैद्यात मिसळता येतं. अॅक्टिव्ह ड्राय यीस्टचे दाणे जाड असतात, ते आधी कोमट पाण्यात भिजवावं लागतं. आणि ताजं यीस्ट म्हणजे ती ओलसर वडी. इन्स्टंट १ ग्रॅम असेल तिथे अॅक्टिव्ह ड्राय सव्वा ग्रॅम आणि ताजं ३ ग्रॅम, एवढं लक्षात ठेवलं की कुठलीही रेसिपी बदलून घेता येते.

पाकीट उघडून बरेच दिवस झाले असतील तर इन्स्टंट असलं तरी तपासून घ्या. रेसिपीतल्याच पाण्यातलं अर्धी वाटी पाणी कोमट करा, त्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट टाकून दहा मिनिटं ठेवा. वर फेसाचा जाड थर आला, पावासारखा वास आला की यीस्ट चांगलं आहे. दहा मिनिटांनी दोन-चार बुडबुडे आणि खाली गाळ एवढंच दिसत असेल तर फेकून द्या, असलं यीस्ट डबल टाकून काही होत नाही. कोमट म्हणजे किती, तर बोट घातलं की थंड पण वाटू नये आणि गरम पण वाटू नये, ३५ ते ४० अंश. ५५-६० अंशाला यीस्ट मरतं, म्हणून चहासारखं गरम पाणी ओतायचं नाही. शंका आली तर गार पाणी घ्या, गार पाण्यात यीस्ट फक्त हळू चालतं, मरत नाही. उघडलेलं पाकीट हवाबंद डबीत घालून फ्रीजरमधे ठेवलं तर कित्येक महिने टिकतं.

मीठ आणि यीस्ट एकत्र आलं की यीस्ट मरतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मैद्यात दोन्ही मिसळून लगेच मळायचं असेल तर काहीही होत नाही. फक्त यीस्ट भिजवलेल्या त्या वाटीत मीठ टाकू नका.

मळणं

मोठ्या भांड्यात मैदा, मीठ, साखर, यीस्ट हाताने सारखं करून घ्या आणि १८० मिली पाणी ओता (यीस्ट भिजवलं असेल तर ते पाणी यातच धरायचं). उरलेलं १० मिली बाजूला ठेवा. कोरडा मैदा कुठे दिसणार नाही एवढंच कालवा, मळायचं अजिबात नाही, आणि झाकण घालून २० मिनिटं विसरून जा. या वीस मिनिटांत मैदा पाणी पितो आणि ग्लुटेन आपोआप जुळायला लागतं, नंतरचं मळणं निम्म्याने सोपं होतं. ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि मग चिकट पिठात मूठ मूठ मैदा घालत बसतात. तो वरून घातलेला मैदाच पिझ्झा कोरडा करतो.

वीस मिनिटांनी तेल घाला. सुरुवातीला पीठ तेलावरून घसरतं, तुटतं, सगळं बिघडलं असं वाटतं, पण दोन मिनिटांत तेल आत जिरतं. आता ओट्यावर काढा आणि तळहाताच्या टाचेने पुढे ढकला, घडी घाला, पाव फेरा फिरवा, परत ढकला. साधारण ८-१० मिनिटं. हाताला फार चिकटलं तर मैद्याऐवजी हाताला थेंबभर तेल लावा. पीठ कोरडं, फुटल्यासारखं वाटत असेल तर ते बाजूला ठेवलेलं पाणी चमच्या-चमच्याने घाला.

झालं हे ओळखायचं कसं? लिंबाएवढा तुकडा घ्या आणि दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू चारी बाजूंनी ताणत जा. उजेडासमोर धरल्यावर पलीकडची बोटांची सावली दिसेल एवढा पातळ पडदा न फाटता आला तर ग्लुटेन तयार आहे. लगेच भोक पडलं तर पाच मिनिटं झाकून ठेवून परत दोन-तीन मिनिटं मळा. मळलेलं पीठ कानाच्या पाळीसारखं मऊ लागलं पाहिजे, हाताला किंचित चिकटणारं. घट्ट गोळा झाला असेल तर तो फुगेल, पण ताणताना तुम्हाला रडवेल.

फुगवायचं, आणि इथे खरंच थांबायचं

भांड्याला तेलाचं बोट फिरवा, गोळा ठेवा, झाकण किंवा ओलं फडकं घाला. २६-२८ अंशांची खोली असेल तर एक ते दीड तासात दुप्पट होतं. थंडीत दोन-अडीच तास लागतात, गरम हवेत पाऊण तासात पण होतं, म्हणून घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. काचेचं सरळ उभं भांडं असेल तर बाहेरून रबर लावून ठेवा, सुरुवातीला कुठे होतं ते कळतं. बोट मैद्यात बुडवून पिठात अर्धा इंच खुपसा. खड्डा झटकन भरून आला तर अजून वेळ आहे, हळूहळू अर्धवट भरला तर झालं, आणि तसाच राहून आजूबाजूचं पीठ पण खाली बसलं तर जास्त झालं. जास्त झालं तरी टाकून देऊ नका, परत गोळे करून पाऊण तास ठेवा, बरंचसं सावरतं.

आता दुसरा रस्ता, माझ्या मते हाच पहिला असायला हवा. यीस्ट २ ऐवजी १ ग्रॅम घाला, पाणी साधं गार घ्या, मळून झाल्यावर अर्धा तास बाहेर ठेवा आणि मग झाकून फ्रीजमधे टाका, कमीत कमी २४ तास, ४८ तास झाले तर उत्तम, ७२ पर्यंत चालतं. ४ अंशांच्या आसपास यीस्ट जवळजवळ झोपतं, पण मैद्यातली एन्झाइम्स हळूहळू स्टार्चची साखर आणि प्रोटीनचे तुकडे करत राहतात. त्या साखरेमुळे भाजताना रंग येतो, वर ते गडद ठिपके उठतात, आणि चवीत किंचित आंबटपणा येतो जो दोन तासाच्या पिठात कितीही हर्ब टाकले तरी येत नाही. कष्ट काही वाढत नाहीत, फक्त शनिवारी खायचा असेल तर गुरुवारी रात्री मळावं लागतं.

फुगलेलं पीठ ओट्यावर काढा, दोन भाग करा, प्रत्येक साधारण २५० ग्रॅमचा होईल. कडा खाली खेचून तळाशी चिमटा आणि गोळा हाताखाली गोल फिरवा, म्हणजे वरची कातडी तणावते. तेल लावलेल्या डब्यात अंतर ठेवून झाकून ठेवा. ताजं पीठ असेल तर पाऊण ते एक तास, फ्रीजमधलं असेल तर दीड ते दोन तास. गार गोळा ताणायला गेलात तर तो रबरासारखा मागे येणार, मग लोक लाटणं काढतात आणि सगळी हवा बाहेर जाते.

तोपर्यंत सॉस आणि टॉपिंग

सॉस शिजवायची गरज नाही, ओव्हनमधे तो शिजतोच. डब्यातले सोललेले टोमॅटो हाताने कुस्करा, मीठ, चमचाभर ऑलिव्ह ऑइल, थोडी बेसिल, संपलं. ताजे टोमॅटो पाणीदार असतील तर मात्र किसून मंद आचेवर आटवून घ्या, चमचा फिरवल्यावर मागे वाट राहिली पाहिजे. एका पिझ्झ्याला चार मोठे चमचे पुरतात. कमी वाटतं, पण जास्त सॉस म्हणजे मधला भाग कच्चट.

चीज ८० ते १०० ग्रॅम. ब्लॉकमधे मिळणारं कमी पाण्याचं मोझरेला घरच्या ओव्हनला सगळ्यात बरं. किसलेलं पाकीट घेतलं तर त्याला एकमेकांना चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो, ते वितळतं पण तसं सलग पसरत नाही, म्हणून ब्लॉक घेऊन स्वतः किसा. पाण्यातलं ताजं मोझरेला वापरायचं असेल तर तुकडे करून तासभर चाळणीत किंवा टिश्यूवर निथळू द्या.

भाज्यांचं एकच सांगणं, पाणी बाहेर काढा. मशरूम आणि पालक आधी कढईत मोठ्या आचेवर परतून पाणी उडवा, टोमॅटोच्या चकत्यांवर मीठ टाकून दहा मिनिटांनी टिपून घ्या, कांदा आणि सिमला मिरची पातळ चिरली की कच्ची चालते. चिकन वगैरे पूर्ण शिजवलेलंच घाला, दहा मिनिटांत ते आत शिजेल या भरवशावर राहू नका. दोन किंवा तीन टॉपिंग बास. सात प्रकार घातलेला पिझ्झा फोटोत छान दिसतो आणि हातात घेतला की गळतो.

ओव्हन

पिझ्झ्याला खालून उष्णता पाहिजे, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे. पिझ्झा स्टोन किंवा स्टील (पिझ्झा ज्यावर भाजतात तो जाड दगड किंवा स्टीलची जाड पाटी) असेल तर ते ओव्हनमधे ठेवून सगळ्यात जास्त तापमानावर, २५० असेल तर २५०, पाऊण ते एक तास तापवा. ओव्हनचा लाईट दहा-पंधरा मिनिटांत विझतो कारण हवा तापलेली असते, दगड अजून गारच असतो. स्टील दगडापेक्षा उष्णता पटकन सोडतं म्हणून तळ लवकर कुरकुरीत होतो. दोन्ही नसेल तर जाड बेकिंग ट्रे उलटा घालून अर्धा तास तापवा, तेही चालतं. छोट्या ओव्हनमधे वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू ठेवा. तापलेल्या दगडावर गार पाणी सांडू देऊ नका, तडकतो.

ताणताना गोळा हातावर न घेता आधी मैदा भुरभुरलेल्या ओट्यावर ठेवा. बोटांच्या टोकांनी मधून बाहेरच्या बाजूला दाबत जा, कडेचा अर्धा-पाऊण इंच अजिबात दाबू नका, तिथली हवा म्हणजेच तुमची फुगलेली कड. मग उचलून दोन्ही मुठींच्या पाठीवर घ्या आणि फिरवत राहा, वजनाने तो आपोआप उतरतो. मागे आक्रसत असेल तर भांडू नका, दहा मिनिटं झाकून ठेवा. मधे भोक पडलं तर चिमटून बुजवा.

सरकवायच्या पाटावर किंवा उलट्या ताटावर बारीक रवा टाका, त्यावर पिझ्झा ठेवा आणि आता हात भरभर चालवा. सॉस लावल्यापासून ओव्हनमधे जाईपर्यंत दोन-तीन मिनिटं, त्याहून जास्त झाली की ओल खाली उतरते आणि पिझ्झा चिकटतो. मधे एकदा पाट हलवून बघा, पिझ्झा सरकला पाहिजे. सरकवायची भीती वाटत असेल तर बेकिंग पेपरवर ताणा आणि पेपरासकट टाका, तीन-चार मिनिटांनी पेपर ओढून काढा, बहुतेक पेपर २२०-२३० अंशांपर्यंतचेच असतात, जास्त वेळ राहिला तर कडा करपतात.

८ ते १२ मिनिटं लागतात. चीज वितळलं म्हणजे झालं असं नाही, कड उचलून तळ बघा, तपकिरी ठिपके दिसले पाहिजेत. तळ झाला आणि वर रंग नसेल तर शेवटचं दीड मिनिट ग्रिल चालू करा आणि समोर उभे राहा, फोन बघायला जाऊ नका. काढल्यावर ट्रेमधे न ठेवता जाळीवर ठेवा, नाहीतर वाफेने तळ परत ओला. ताजी बेसिल आता घाला.

ओव्हन नसेल तर जाड बिडाचा तवा घ्या. मध्यम आचेवर नीट तापवा, ताणलेलं पीठ टाका, दोन मिनिटांत वर फुगे येतात. खालून ठिपके आले की उलटा, भाजलेल्या बाजूवर सॉस-चीज लावा, आच मंद करा आणि उंच झाकण घाला, चार-पाच मिनिटं. चीज वितळायला वेळ लागत असेल तर कडेला चमचाभर पाणी टाकून झाकण लावा. वर रंग येणार नाही हे धरूनच चाला, पण पाव छान होतो.

बिघडलाच तर

कड कडक आणि फिकट: तापमान कमी होतं म्हणून जास्त वेळ ठेवावा लागला. मधे ओला, कडेने झालेला: सॉस किंवा भाजीचं पाणी, नाहीतर स्टोन गार. वातड, चावून जबडा दुखला: पीठ घट्ट होतं किंवा फुगायला वेळ दिला नाही. बीअरसारखा वास: यीस्ट जास्त किंवा पीठ गरमीत फार वेळ राहिलं. कड फुगलीच नाही: लाटणं फिरवलंत किंवा कडेपर्यंत सॉस लावलात. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, सगळं एकदम बदललं तर कशाने सुधारलं ते कळत नाही.

एकच पिझ्झा करायचा असेल तर दुसरा गोळा पहिल्या फुगण्यानंतर तेल लावून पिशवीत घालून फ्रीजरमधे टाका, महिनाभर चांगला राहतो. आदल्या रात्री खालच्या फ्रीजमधे उतरवा आणि करायच्या आधी दोन तास बाहेर ठेवा, नेहमीपेक्षा थोडा कमी फुगतो. उरलेले तुकडे मायक्रोवेव्हमधे घालू नका, चिवट होतात. कोरड्या तव्यावर मंद आचेवर ठेवा, तळ कुरकुरीत झाला की बाजूला दोन थेंब पाणी आणि मिनिटभर झाकण.